डावा कोपरा

अवधूतचा उजवा घोटा
मला त्याच्या आईपेक्षा जास्त ठाऊक आहे.
आठवीपासून रोज संध्याकाळी
सावळजच्या शाळेमागच्या मैदानात
तो माझ्या दोन्ही हातांत येऊन पडलाय,
घामानं बुळबुळीत,
बेदाण्याच्या शेडमधला गंधकाचा वास असलेला.
(सुट्टीत आम्ही दोघंही तिथंच. दिवसाला अडीचशे.)

बाकी कुणाच्या हाती तो लागला नाही.
मिरजेचे, पलूसचे, कुंडलचे कोपरे
त्याच्या पाठीवरचा सात नंबर बघत राहिले.
पेपरात आलं, ‘सावळजचा वारा’.
गुरव सरांनी ते कात्रण
ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं,
फीच्या दरपत्रकाशेजारी.

माझं गुपित एवढंच :
वळून उडी घ्यायच्या आधी
त्याचा दम अर्ध्या अक्षरानं मोडतो.
पंचाला कळत नाही, इतकाच.
कबड्डी कबड्डी कबड्डी कब—
आणि मग तो सुटतो.
त्या गिळलेल्या ‘ड्डी’त मी हात घालायचो.
कधी सांगितलं नाही.
त्याच्याकडे सगळं होतं,
माझ्याकडे ते अर्धं अक्षर.

विभागीय स्पर्धा, इस्लामपूर.
पहिल्यांदाच मॅट, पहिल्यांदाच बूट.
माझे उसने, अंगठ्याला चावणारे.
उपांत्य सामन्यात त्यानं एकोणीस गुण आणले.
एकदा तर चौघं अंगावर घेऊन
मध्यरेषेवर बोटाचं टोक टेकवलं,
नुसतं टोक.
गर्दीत पुण्याच्या कॉलेजचे एक सर, मोबाईल आडवा धरून.
कोल्हापूरचे दोघे, कडक इस्त्रीचे.
आणि कुठल्याशा अकॅडमीचा एक माणूस,
जो पाणी वाटणाऱ्या पोरालाही ‘चॅम्पियन’ म्हणत होता.

जेवणाच्या सुट्टीत तिघांनी त्याला तीनदा चहा पाजला.
होस्टेल फुकट. मेस फुकट. फी माफ.
दूध, अंडी रोज.
अकॅडमीवाला म्हणाला, केळीसुद्धा.
अवधूतचे वडील टेम्पोचं भाडं टाकून तसेच आले होते,
हातात अजून किल्ली.
त्यांनी एकच विचारलं, “पाय मोडला तर?”
केळीवाल्याला तेवढ्यात फोन आला.
कोल्हापूरकरांनी एकमेकांकडे बघितलं.
पुण्याचे सर म्हणाले,
“खोटं बोलत नाही. एक वर्ष सांभाळू.
पुढचं मलाच माहीत नाही.”
वडिलांनी त्यांचाच नंबर घेतला.
मी शेजारीच उभा होतो, नंबर आठ.
मला कुणी काही विचारलं नाही,
चहा मात्र मिळाला.

अंतिम सामना. शेवटची चढाई.
एका गुणानं मागे, मी बाद होऊन बाहेर.
समोर साताऱ्याचा डावा कोपरा,
माझ्याएवढाच, कानाची पाळी सुजलेली.
तो अवधूतकडे बघतच नव्हता.
मान खाली घालून
ऐकत होता.
मला ओरडायचं होतं, पण काय ओरडणार?
चार वर्षांचं एका श्वासात कसं सांगतात?
कबड्डी कबड्डी कब—
घोटा गेला त्याच्या हातात,
अगदी माझ्या हातात यायचा तसा.

परतताना सरांनी सगळ्यांना वडापाव दिला.
अवधूत बर्फाच्या पिशवीवर पाय ठेवून.
तासगाव सोडल्यावर म्हणाला,
“त्यानं तुझ्यासारखंच धरलं रे, मुल्ला.”
मी म्हणालो, “हं.”

जूनमध्ये तासगावच्या स्टँडवर पुण्याची गाडी.
त्याची एक सॅक,
आणि मेसवाल्यासाठी बेदाण्याचा खोका,
आईनं स्वतः निवडलेला, एक काडी सापडणार नाही असा.
गाडी हलायला लागली
तेव्हा मी खिडकीचा गज धरून सगळं सांगून टाकलं.
तो चिडला नाही. हसलाही नाही.
डोळे मिटले आणि पुटपुटायला लागला,
कबड्डी कबड्डी कबड्डी
मी धावत होतो, कान त्याच्याकडे लावून.
फाटकाच्या वळणावर
ड्रायव्हरनं गिअर बदलला.
पुढचं काही ऐकू आलं नाही.